फक्त पुढे जाणारी गाडी

गाडीचा एखादा भाग निकामी होण्याच्या काही सभ्य पद्धती असतात. आधी थोडी कुरकुर, मग खरखर, मग एखादा झटका. मालकाला मनाची तयारी करायला वेळ मिळतो. छोटीच्या गाडीचा रिव्हर्स गिअर मात्र काहीही न सांगता गेला. आदल्या संध्याकाळी होता, सकाळी नव्हता. दांडा ओढला की लोण्यात सुरी जावी तसा जागेवर बसे, ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन उत्साहाने गरजे, आणि गाडी होती तिथेच उभी राही. जणू हे सगळं शेजारच्या गाडीबद्दल चाललं आहे.

छोटी ही पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतली वरिष्ठ अधिकारी. केसांत पांढरं दिसू लागलं होतं, हाताखाली माणसं होती, पण माहेरी धाकटी म्हणून जे नाव पडलं ते पडलंच. स्वभाव असा की कुठेही आपण आधी बाजूला व्हायचं. लिफ्टच्या दारात ती "तुम्ही व्हा पुढे" म्हणायची आणि मग जिन्याने जायची. बैठकीत कुणी तिचं वाक्य तोडलं तर ती "सॉरी" म्हणायची. आणि बिल्डिंगच्या फाटकापाशी समोरून कुणाची गाडी आली, तर त्याचा हात हॉर्नवर जायच्या आत हिची गाडी मागे सरकलेली असायची. अशा बाईची गाडी मागे जाईनाशी होणं म्हणजे गवयाचा नेमका घसाच बसण्यासारखं होतं.

तरीही एरवी तिने गाडी निमूटपणे गॅरेजमध्ये लावली असती आणि महिनाभर पायी फिरली असती. पण आईचा प्रश्न होता.

आई पडली होती. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आणि आता आठवड्यातून दोनदा हॉस्पिटलात व्यायामाला न्यावं लागे. आई राहायची जुन्या वस्तीतल्या एका अरुंद गल्लीत, उंच पायऱ्यांच्या घरात. त्या गल्लीचं नाव काढलं की टॅक्सीवाले फोन ठेवत. दूरच्या शहरात राहणाऱ्या दादाचं म्हणणं सरळ होतं, आईने आता त्याच्याकडे यावं. आईचं म्हणणं त्याहून सरळ होतं.

"तुझ्या घरी खिडकीतून काय दिसतं? दुसऱ्याची खिडकी. मी इथून हलणार नाही."

शेवटी दादाने तह केला. तह करताना त्याचा आवाज नेहमी बँकेच्या मॅनेजरसारखा व्हायचा. "ठीक आहे. या महिन्याअखेर व्यायाम संपतो. तोवर एकही फेरी चुकवायची नाही, आणि शेवटी आईने स्वतःच्या पायांनी त्या पायऱ्या चढून दाखवायच्या. जमलं तर राहा म्हणावं. पण छोटी, तुझ्या त्या गाडीच्या भरवशावर हे चाललंय. ती एकदा जरी बंद पडली, तर मी येऊन आईला घेऊन जाणार."

गाडी बंद पडली नव्हती. दादाच्या तहात मागे जाण्याचा उल्लेखच नव्हता, हे छोटीने मनात नीट तपासून घेतलं आणि गॅरेज गाठलं.

गॅरेजवाल्याने बॉनेटवर हात ठेवला आणि नाडी पाहणाऱ्यासारखे डोळे मिटले.

"गेला," तो म्हणाला. "पार्ट बदलायला लागेल."

"किती दिवस लागतील?"

"पार्ट आला की लगेच."

"पार्ट कधी येईल?"

"त्यांनी पाठवला की लगेच."

"ते कधी पाठवतील?"

"त्यांच्याकडे आला की लगेच, मॅडम."

इतक्या 'लगेच'नंतर किमान महिना जाणार हे कळायला शास्त्राची पदवी लागत नव्हती. "तोपर्यंत गाडी चालवली तर?" तिने विचारलं.

"पुढे ना? पुढे खुशाल चालवा. पुढे जायला गाडीला काय धाड भरलीय?"

घरी आल्यावर नवऱ्याने परिस्थितीचा शांतपणे विचार केला, म्हणजे तो सोफ्यावर आडवा झाला. "मी ढकलीन की," तो म्हणाला. हा माणूस आयुष्यात कधी 'नाही' म्हणाला नव्हता, आणि बहुतेक कामं त्याच्याकडून तेवढ्यावरच थांबत. पण या वेळी त्याने शब्द पाळला. रोज सकाळी इस्त्रीच्या शर्टात तो गाडीच्या नाकाला खांदा लावून तिला जागेवरून मागे ढकलू लागला. वरून सगळी बिल्डिंग बघायची.

पहिला सल्ला द्यायला सेक्रेटरी आले. हे बिल्डिंगचे सेक्रेटरी. त्यांची गाडी एवढी मोठी होती की ती फाटकातून आत येताना भिंती श्वास रोखून धरत. "वहिनी, रिव्हर्स जात नाही कधी," ते म्हणाले. "घाबरून तुम्ही दांडा अर्धाच ओढत असाल. जरा अधिकाराने ओढा." मग त्यांनी स्वतः गाडीत बसून अधिकाराने ओढला. दांड्याची मूठ त्यांच्या हातात आली. ती छोटीला परत देत "हं, म्हणजे मूळ दोष हा होता," असं म्हणून ते निघून गेले.

तिसऱ्या दिवशी नवऱ्याच्या कमरेत उसण भरली, आणि छोटीने प्रश्न प्रयोगशाळेतल्या पद्धतीने हाती घेतला. इंजिनने गाडी मागे जात नसेल, तर उताराने जाईल. नाक चढाच्या दिशेला करून गाडी लावली, न्यूट्रल करून ब्रेक सोडला, की गाडी आपोआप मागे येते. गुरुत्वाकर्षणाचा पार्ट कुठून मागवावा लागत नाही. तिने एक परीक्षानळी पाण्याने जवळजवळ भरली, बूच लावलं, आणि चिकटपट्टीने ती डॅशबोर्डवर आडवी बसवली, एक टोक नाकाकडे, एक टोक आपल्याकडे. आत एक बुडबुडा राहिला. बुडबुडा नाकाकडे सरकला की नाक वर आहे, इथे थांबायला हरकत नाही. बुडबुडा आपल्याकडे आला की गाडी उतरणीला तोंड करून आहे, इथे थांबलो तर संपलो.

बरीच वर्षं या शहरात राहूनही शहर किती तिरकं आहे हे तिला आता कळलं. पोस्टाचा रस्ता सपाट वाटतो, तो तसा नाही. शाळेपुढचा चढ उत्तम. दवाखान्याबाहेर एक असा भाग आहे की तिथे बुडबुडा मधोमध उभा राहतो आणि काहीच बोलत नाही. अशा जागा सर्वांत धोक्याच्या.

शेजारच्या सीटवर बसलेल्या आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिच्या पोटात काही राहत नसे. संध्याकाळच्या फोनवर ती दादाला दिवसभराचं सगळं सांगायची, नळाला पाणी किती आलं इथपासून. म्हणून छोटीने तिला गिअरचं सांगितलंच नाही.

"ही नळी कसली गं?"

"ऑफिसचं काम आहे."

"गाडीतसुद्धा?" आई म्हणाली आणि लेकीच्या कष्टांनी हळहळली. छोटीला वाईट वाटलं. पण विधान तसं खोटं नव्हतं. ते फक्त अपुरं होतं.

हॉस्पिटलात वेगळाच प्रसंग. पार्किंगमध्ये पाटी होती, 'वाहन मागे घेऊनच लावावे', आणि पाटीखाली शिट्टी घेऊन वॉचमन. छोटीने दुरून अभ्यास केला. जागांच्या दोन रांगा पाठीला पाठ लावून होत्या. मागच्या रांगेतल्या रिकाम्या जागेतून सरळ आत शिरून ती पुढच्या रांगेतल्या जागेत जाऊन थांबली. नाक झकास बाहेर. वॉचमनने शिट्टी फुंकली.

"बाई, इथे मागे घेऊन लावायची."

"नाक बाहेरच आहे की."

"ते दिसतंय मला. पण मागे कधी घेतलीत?"

"घेतली नाही. पुढून आले."

"मग नियमात बसत नाही."

"गाडी उभी बरोबर आहे ना?"

"उभी बरोबर आहे," वॉचमनने प्रामाणिकपणे कबूल केलं, "पण आली चुकीची."

बाहेर काढून पुन्हा नीट आणा, असा त्याचा आग्रह होता. छोटीने एरवी माफी मागून गाडी काढली असती आणि गावभर भटकली असती. पण इथे तिच्या हातात काही नव्हतं. ती नुसती उभी राहिली. तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, "अहो, गाडी कशी आली ते मागाहून बघा, आधी मला उतरवा!" वॉचमन चाकाची खुर्ची आणायला धावला. पुढच्या खेपेपासून त्या दोन्ही जागा तो अडवून ठेवू लागला, आणि छोटी आली की पाटीकडे पाठ करून उभा राहू लागला. नियम मोडलेला पाहायचा नसेल तर हाच एक उपाय.

पेट्रोल पंपावर ती एकदा पंपाच्या नळीच्या वीतभर पुढे गेली. पंपवाला म्हणाला, "थोडी मागे घ्या." ती म्हणाली, "मी जरा फिरून येते," आणि अख्ख्या चौकाला वळसा घालून पुन्हा आली. पंपवाल्याने टाकीचं झाकण उघडताना तिच्याकडे काळजीने पाहिलं. पण खरी परीक्षा झाली ती रस्ता खोदला होता त्या दिवशी. बाण दाखवतील तसं वळत वळत ती एका गल्लीत शिरली, आणि गल्ली संपली ती लाकडाच्या वखारीच्या उघड्या दारात. मागे घ्यायचा प्रश्नच नव्हता. तिने पहिला गिअर टाकला आणि गाडी सरळ वखारीत नेली.

"या, या!" मालक गल्ल्यावरून उठून आला. गाडीसकट आत येणारं गिऱ्हाईक त्याने प्रथमच पाहिलं होतं. "काय दाखवू?"

मागच्या बाजूला दार आहे का, एवढंच विचारायचं होतं. पण एवढ्या अगत्यापुढे ते विचारणं तिला उद्धट वाटलं.

"लाकूड," ती म्हणाली.

"कसलं?"

"लांब."

मालकाने लांब लाकूड दाखवलं. त्याहून लांबही दाखवलं. शेवटी हातात मावेल असा एक गोल, गुळगुळीत दांडा तिने घेतला, आणि तो खिडकीतून बाहेर काढून, टोकाला फडकं बांधून, मालकाने स्वतः उघडलेल्या मागच्या दाराने ती बाहेर पडली.

"हे कशाला घेतलंस?" शेजारच्या सीटवरून आईने विचारलं.

छोटीला उत्तर सुचेना. आईलाच सुचलं. "पायऱ्यांपाशी बसवून दे. धरायला होईल मला. बरं झालं तुझ्या लक्षात आलं."

त्या रविवारी नवऱ्याने कमरेला पट्टा बांधून तो दांडा आईच्या पायऱ्यांच्या कडेने भिंतीत ठोकला. आतापर्यंत तो आणि शेजारचा एक जण आईला खुर्चीत बसवून वर नेत. आता ती दांडा धरून पहिली पायरी चढू लागली, मग थांबे, खाली उतरे, आणि म्हणे, "उद्या."

नवऱ्याचं ढकलणं थांबल्यापासून गाडी दुरुस्त झाली असं बिल्डिंग धरून चालली होती, आणि तशात फाटकाचा प्रसंग घडला. छोटी बाहेर पडत होती आणि समोरून सेक्रेटरींची अजस्र गाडी आत शिरली. नाकाला नाक. सेक्रेटरी सवयीने थांबले, म्हणजे ही मागे जाईल म्हणून थांबले. बुडबुडा छोटीच्या बाजूला. सेक्रेटरींनी हॉर्न दिला. शरमेने तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. समोर बघणं अशक्य झालं, म्हणून तिने पिशवीतून क्लोरीनवरचं एक मासिक काढलं आणि ते वाचू लागली. अक्षरं दिसत नव्हती, पण तिने पान उलटलं. बाहेरून हे कसं दिसलं असेल याची तिला कल्पना नव्हती. सेक्रेटरींनी पाहिलं ते असं की वहिनींनी त्यांच्याकडे एक नजर टाकली आणि निवांत वाचायला घेतलं. दुसरं पान उलटेपर्यंत त्यांनी दम धरला. मग ती प्रचंड गाडी हळूहळू मागे गेली.

संध्याकाळपर्यंत बिल्डिंगभर झालं, "वहिनी बदलल्या." लिफ्टच्या दारात लोक तिला "तुम्ही व्हा पुढे" म्हणू लागले. ऑफिसातल्या बैठकीत मात्र अजून कुणाला काही कळलं नव्हतं. पण गंमत म्हणजे तिथेही एकाने तिचं वाक्य तोडलं तेव्हा ती 'सॉरी' म्हणायची विसरली.

आणि मग नवऱ्याने घात केला. शेवटच्या फेरीच्या दोन दिवस आधी दादाचा फोन आला, आणि गाडी कशी आहे असं त्याने विचारलं.

"उत्तम!" नवरा म्हणाला. "अगदी फर्स्ट क्लास. फक्त पुढेच जाते."

दादाला त्यातलं 'फक्त' खटकलं, नेमकं काय ते मात्र कळलं नाही. मग दादा म्हणाला, "मी येतोय."

शेवटचा व्यायाम झाला. डॉक्टरांनी आईच्या हाती काठी दिली आणि "आता चालायचं" एवढंच सांगितलं. परत येताना आई बोटांवर पायऱ्या मोजत होती. अजून ती निम्म्याच पायऱ्या चढली होती, त्याही जावयाच्या हाताला धरून. छोटीने नेहमीप्रमाणे खालच्या रस्त्याकडे उतरणाऱ्या त्या गल्लीत गाडी घातली. या तोंडाने आत शिरायचं, आईला सोडायचं, त्या तोंडाने बाहेर पडायचं. गल्लीची रुंदी एक छोटी गाडी आणि शेजारून एक माणूस, एवढीच.

आईचं घर जेमतेम दोन गाड्यांच्या अंतरावर असताना समोरून दादा आला.

त्याने नवी गाडी घेतली होती. ती गल्लीत बुचासारखी बसली होती. तिची मागची चाकं बरोबर आईच्या पायऱ्यांपाशी होती, आणि नाक छोटीच्या नाकापुढे. छोटीने नळीकडे पाहिलं. बुडबुडा अगदी तिच्याकडच्या टोकाला चिकटून बसला होता. गाडी उतरणीला होती. मागे जायचा मार्ग ना इंजिनात होता, ना निसर्गात.

दादाने हॉर्न दिला. मग फोन केला. काचेपलीकडे त्याचे ओठ आधी हलत आणि आवाज मागून येई.

"छोटी, मागे घे."

"नाही जमायचं, दादा."

"नाही जमायचं म्हणजे? गाडी कोणी शिकवली तुला?"

"तूच."

"मी तुला सांगितलं होतं ना, समोर मोठी गाडी आली की आपण मागे व्हायचं?"

छोटीने पुन्हा नळीकडे पाहिलं. काय सांगणार? खरं सांगावं तर तह मोडला असंच दादा म्हणणार. मागे एक स्कूटर येऊन थांबली, मग सिलिंडरची हातगाडी, मग आणखी दोघं. खिडक्या उघडल्या.

"ताई, हलू नका!" वरून कुणीतरी ओरडलं. "तो उलट्या बाजूने आलाय!" गल्लीला उलटी बाजू नव्हती, पण जनमत तयार झालं होतं.

आईने लेकीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर एक नवीनच भाव होता.

"नको घेऊस मागे," ती म्हणाली. "लहानपणापासून तूच घेत आलीस. आज त्याला घेऊ दे."

"आई, तसं नाही..."

"मला दार उघडून दे. इथे किती वेळ बसू? माझं घर ते काय समोर आहे."

छोटी उतरली, वळसा घालून आली, आईला उभं केलं. आईने तिचा हात सोडवला. एक हात भिंतीवर, एका हातात काठी, अशी ती निघाली. दादाच्या गाडीपाशी आल्यावर तिने काठीने बॉनेटवर दोनदा टकटक केलं.

"आरसे मिट. मला जाऊ दे."

आरसे निमूटपणे मिटले. दादा दार उघडू पाहत होता, पण एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला आई. त्याला काचेतून नुसतं बघणंच शक्य होतं. आई अंग चोरून मागच्या चाकांपर्यंत पोचली, काठी दंडाला अडकवली आणि वखारीतला तो दांडा धरला. एक पायरी. दुसरी. हातगाडीवाल्याने घंटी वाजवता वाजवता हात थांबवला. निम्म्यावर ती रोजच्यासारखी थांबली. आईने मागे वळून आपल्या मुलाकडे पाहिलं. तो काचेला नाक लावून बसला होता, लहानपणी पावाच्या दुकानापुढे बसायचा तसा. आणि ती पुढची पायरी चढली. मग तिच्या पुढची. दारात पोचून तिने किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि वरून खणखणीत आवाजात सांगितलं,

"चहा टाकते. गाड्या बाजूला करून या दोघं."

खिडक्याखिडक्यांतून टाळ्या पडल्या. सिलिंडरवाल्याने सिलिंडर वाजवला.

मग दादाने गाडी मागे घेतली. अख्खी गल्ली. गाडीत कॅमेरा होता, तो दर हाताला टीं टीं करत होता, आणि मागे उभे राहून चार अनोळखी माणसं "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडे, अहो तुमच्या डावीकडे!" असं मार्गदर्शन करत होती. पाठोपाठ छोटीची जुनी गाडी शांतपणे पुढे पुढे येत होती, एखादी मिरवणूक असावी तशी.

चहा घेताना दादाने कप खाली ठेवला. "चढलीस की गं," तो म्हणाला.

"मग? तुला वाटलं काय?" आई म्हणाली. "आणि हिला बघितलंस ना, कशी उभी राहिली? वीतभर मागे झाली नाही!"

छोटीने तोंड उघडलं. निष्कर्ष चुकीच्या कारणावर बेतलेला असेल तर तो दुरुस्त करावा, हे तिला शिक्षणाने सांगितलं होतं. आईला वर चढवायला म्हणून निघालेल्या, पण उशिरा पोचलेल्या नवऱ्याने टेबलाखालून तिच्या पायावर पाय ठेवला. तिने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, दादाच्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि साखर मागितली.

आई तिथेच राहिली. पार्टही आला, त्याच्या सवडीने. गॅरेजवाल्याने जुना काढून छोटीच्या तळहातावर ठेवला. दाते झिजून गोटीसारखे गुळगुळीत झाले होते.

"बाकीचे गिअर नव्यासारखे आहेत, मॅडम. हा एकटाच संपलाय. मागे फार घेत होतात वाटतं?"

"घेत होते," छोटी म्हणाली.

पुढे बऱ्याच महिन्यांनी ती तेल बदलायला गेली. फाटकात सेक्रेटरी तिला दुरून पाहूनच थांबले होते, हात करून "या, या" म्हणाले होते, आणि ती मान हलवून सरळ बाहेर पडली होती. गॅरेजवाल्याने हात पुसत विचारलं,

"रिव्हर्स नीट पडतोय ना आता?"

छोटीने क्षणभर विचार केला. खात्री नसताना विधान करणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"ठाऊक नाही," ती म्हणाली. "अजून लागला नाही."